डोळ्याचे पथ्य

भिंगार (नगर),
ता. २० डिसेंबर १९७१

चि. श्रीमंत यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

कागदाच्या माथ्यावर 'श्री' नाही हे पाहिलेसच. पण तुला मी काय कळवणार? तू तर तिथेच होतास. मच्छिंद्रभाऊजी गेल्याची तार आम्हाला मागच्या सोमवारी मिळाली. तारेत नाव, नंबर आणि कर्तव्य बजावताना मृत्यू, एवढेच आहे. सासरचा धाकटा दीर आणि माहेरचा पाठचा भाऊ एकाच जहाजावर, म्हणून मी गल्लीत मिरवत होते. दोघे एकमेकांना सांभाळतील म्हणायचे. आता तुझे तोंड डोळ्यांसमोर आणते आणि देवाला नमस्कार करते, आणि नमस्कार करताना भाऊजींची लंका समोर दिसली की लाज वाटते.

आता जे लिहिते ते नीट वाच आणि तसेच वाग. पोटचा पोरगा गेला, पण आत्याबाईंना यातले काहीही माहीत नाही. तार आली त्याच्या दोनच दिवस आधी त्यांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. दुसरा डोळा बाभळीच्या काट्याने त्यांच्या लहानपणीच गेलेला, तेव्हा जी काही मदार आहे ती या एकावर. गणपतीत रजेवर आले होते तेव्हा भाऊजींनीच मागे लागून डॉक्टर ठरवला होता. डॉक्टरांनी बजावले आहे की वाकायचे नाही, खोकायचे नाही, शिंक आली तर दाबायची, आणि रडायचे तर मुळीच नाही. टाके कच्चे आहेत. रडून ताण आला आणि टाका सुटला तर डोळा हाती लागणार नाही.

तुझे दाजी डेपोतून तार खिशात घालून दवाखान्यात आले. मला बाहेर लिंबाखाली बोलावले आणि वाचून दाखवली. मग म्हणाले की आधी आईचा डोळा, बाकीचे सगळे नंतर. मी मान हलवली. तेव्हा वाटले होते, आठ-पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे.

लंकाला सांगणे भागच होते. सांगितल्याबरोबर ती भिंतीवर हात आपटायला निघाली, मी तिची दोन्ही मनगटे धरली. कारण असे की आत्याबाईंच्या डोळ्यावर पट्टी आहे, पण कान उघडे आहेत. लंका घरात वावरते ते त्यांना तिच्या बांगड्यांवरून कळते. वाजल्या की त्या हाक मारतात, पाणी मागतात, गप्पा मारतात. बांगड्या थांबल्या तर पहिला प्रश्न तोच येईल. म्हणून ती पोर कुंकू पुसून बसली आहे आणि बांगड्या मात्र घालून फिरते आहे. लग्नाला अजून दोन वर्षेही झालेली नाहीत रे. तिचे वडील पाथर्डीहून आले, त्यांना यांनी एस.टी. स्टँडवरूनच मैदानात नेले आणि म्हातारा तिथे मोकळा रडला. घरी आला तेव्हा आत्याबाईंशी ज्वारीच्या गोष्टी बोलला.

दिवसभर घरात अंधारच आहे. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद लावले होते, ते काढलेच नाहीत. आत्याबाईंना उजेड सोसत नाही, आणि आम्हालाही एकमेकांची तोंडे दिसू नयेत असे वाटते.

तू पत्र घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस. पोस्टमन भिमाजी दारातूनच 'जहाजाचं पत्र' म्हणून ओरडतो आणि आत्याबाई जो भेटेल त्याच्याकडून ते वाचून घेतात. यांच्या डेपोच्या पत्त्यावर लिही. काय झाले ते सगळे लिही, झाकू नकोस. त्या रोज म्हणतात की चष्मा लागला की पहिल्यांदा मच्छिंद्राचा जहाजावरचा फोटो बघणार. फोटो आहेत का रे?

दोन घास पोटात जाऊ देत. लोभ तू न मागता करतोस, आज धीर मागते.

तुझी ताई
केशर

• • •

मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई
ता. ६ जानेवारी १९७२

ती. सौ. ताईस श्रीमंतचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळाले. तू झाकू नकोस म्हणालीस म्हणून लिहितो. जहाज कुठे होते, कुठे गेले ते लिहायची परवानगी नाही, आणि तुला त्याचे काय करायचे आहे?

लढाई सुरू झाल्यापासून विमाने सारखी जात होती आणि येत होती. डेकवर इतका आवाज असतो की तोंडाने बोलून काही ऐकू जात नाही, सगळे काम हाताच्या खुणांनी चालते. विमान उतरते तेव्हा डेकवर आडव्या ताणलेल्या जाड तारा असतात, त्यातल्या एकीत अडकून ते थांबते. त्या दिवशी त्यातली एक तुटली आणि चाबकासारखी फिरली. मच्छिंद्रदादा त्या बाजूला उभा होता. मी विमानाच्या पलीकडे होतो. मी धावत आलो तोवर त्याला उचलले होते. त्याला वेदना झाल्या नसतील असे जहाजाचे डॉक्टर म्हणाले. ते खरे होते की मला बरे वाटावे म्हणून बोलले, ते मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला समुद्रात सोडले. कॅनव्हासमध्ये शिवून, वर झेंडा टाकून. शिवण्याआधी मला जवळ जाऊ दिले. त्याच्या पेटीत आत्याबाईंनी जेजुरीहून आणून दिलेल्या भंडाऱ्याची पुडी होती, तो त्याच्या कपाळाला लावला. तुळस कुठून आणणार? खलाशांच्या स्वयंपाकघरातून चिमूटभर साखर आणून तोंडात घातली. आमचे मोठे साहेब प्रार्थना वाचत होते आणि मला मधेच आठवले की हा साखरेचा चहा पीत नसे. जेवढे करता आले तेवढे केले. मग फळी तिरकी केली.

अर्ध्या तासाने आम्ही पुन्हा कामावर होतो. विमाने थांबत नाहीत.

लढाई संपल्यावर एका बंदरात आमचे मोठे स्वागत झाले. बायका ओवाळायला आल्या होत्या, शाळेची मुले झेंडे हलवत होती. एका बाईने मला पेढा भरवला. मी तो गिळला कसा ते मला माहीत. ताई, मी फार दमलो आहे. झोप लागते, पण उठल्यावर झोपलो होतो असे वाटत नाही.

जहाजावर फोटो काढणारा माणूस आहे. लढाईभर तो सगळीकडे फिरत होता. त्याच्याकडून प्रती मिळतात, दादा असलेल्या निवडून ठेवतो. त्याचे कपडे आणि पेटी सरकारमार्फत घरी येईल, त्याला वेळ लागेल. शिट्टी आणि टोपीची फीत मी मागून घेतली आहे. शिवाय एका बंदरात त्याने लंकावहिनीसाठी शिंपल्यांचा एक डबा घेतला होता आणि रजेला घरी नेईन म्हणून माझ्याकडे ठेवला होता. तोही पाठवीन.

आत्याबाईंना कधी सांगणार? उशीर होईल तसे सांगणे अवघड होईल, असे मला वाटते. पण तू तिथे आहेस, तुला जास्त कळते.

दाजींना नमस्कार. माझ्यावर माया आहेच, पण आता लंकावहिनीला जास्त दे.

तुझा
श्रीमंत

• • •

भिंगार,
ता. २७ जानेवारी १९७२

चि. श्रीमंत यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र हे डेपोतून घेऊन आले. मी ते न्हाणीघरात जाऊन वाचले, मग लंकाने वाचले. ती बाहेर आली आणि आत्याबाईंना म्हणाली की धुराने डोळे चुरचुरतात. त्यांनी तिला चुलीपाशी फार बसू नकोस म्हणून सांगितले. आपल्याच डोळ्याच्या औषधाचे थेंब तिच्या डोळ्यात घालायला निघाल्या होत्या.

पथ्य संपायला हवे होते, पण डोळा लाल झाला म्हणून डॉक्टरांनी मुदत वाढवली. चष्मा फेब्रुवारीत, आणि त्यानंतर महिन्याने शेवटची तपासणी. तोवर सगळे तसेच. मी यांना म्हटले की आता पुरे, मला हे जड होते आहे, काय व्हायचे ते होईल. पण हे ऐकत नाहीत, आणि त्याचे कारण तुला सांगते.

दहाव्याला हे एकटे प्रवरासंगमाला गेले. घरी सांगितले की डेपोचे काम आहे. डोके उतरवता आले नाही, कारण आत्याबाई रोज सकाळी यांच्या डोक्यावरून हात फिरवतात. पिंड ठेवला तर कावळा शिवेना. झाडावर बसले होते, पण खाली एक येईना. भटजी म्हणाले की त्याचे मन कशात अडकले आहे ते बोला. यांनी लंकाला अंतर देणार नाही म्हणून सांगितले, तरी नाही. मग म्हणाले की आईचा डोळा सांभाळतो, डोळा बरा होईपर्यंत तिला रडू देणार नाही. आणि कावळा आला. आता सांग, या माणसाशी मी कोणत्या तोंडाने भांडू? शब्द मला दिला असता तर मोडायला लावला असता.

संक्रांत फार वाईट गेली. गल्लीतल्या बनुबाईने दारात येऊन लंकाला हळदीकुंकवाचे बोलावणे दिले. तिला माहीत आहे, पण सवयीने बोलून गेली आणि मग तोंडावर हात ठेवला. आत्याबाईंनी ऐकले होते. त्यांनी लंकाला नवे लुगडे नेसून जायला लावले. ती गेली, आणि वेळ होईपर्यंत मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीआड बसून राहिली. येताना मी तिच्या हातात घरचाच तिळगूळ दिला, तो तिने आत्याबाईंना नेऊन दिला. त्यांनी तो मिटक्या मारत खाल्ला आणि बनुबाईला पाक जमत नाही म्हणून नावे ठेवली. तिळगूळ माझा होता, ते मला लागले हेही लिहून टाकते.

त्यांचा एकच धोशा आहे, लढाई संपून महिना झाला तरी मच्छिंद्राचे पत्र का नाही. आम्ही सांगतो की टपाल अडकले आहे. यांचे म्हणणे, तू त्याच्या नावाने चार ओळी लिहाव्यास आणि या वेळी घरच्या पत्त्यावर टाकाव्यास, म्हणजे भिमाजी दारात ओरडेल. मला हे पटत नाही. पण यांनी सांगितले म्हणून लिहिले.

माहेरी अण्णांना तुझी खुशाली कळवली आहे. सुप्याला पाण्याची वाट लागली आहे, विहिरीत नुसता चिखल. तुझ्यासाठी मुली पाहणे थांबवा म्हणून मीच सांगितले आहे, त्याबद्दल माझे उपकार मान.

तुझ्या पाठीवर माझा हात आहे असे समज.

ताई

• • •

मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई
ता. १० फेब्रुवारी १९७२

ती. दाजींस श्रीमंतचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

ताईने तुमचा निरोप कळवला. मी लिहायला बसलो होतो. 'ती. आईस' एवढे लिहून झाले. त्याचे अक्षर डावीकडे कलते, ते मला काढता येते, जहाजावरच्या शिकवणीच्या तासाला मी त्याची नक्कल करून त्याला चिडवत असे. दोन शब्द अगदी त्याचे वाटले आणि त्यापुढे माझा हात चालेना. कागद फाडून समुद्रात टाकला. दाजी, हे माझ्याच्याने होणार नाही. तुम्ही रागावलात तरी चालेल.

तुमच्या लग्नात बोहल्याजवळ तुमचा कान मी पिळला होता, आणि तुम्ही पाच रुपये हातावर ठेवून सुटका करून घेतली होती. त्याच हक्काने आज पुन्हा पिळतो. तुम्ही शब्द कावळ्याला दिला आहे, तो पाळा. पण त्या शब्दात मच्छिंद्रदादाच्या नावाने पत्र पाठवायचे नव्हते. आत्याबाईंना सांगा की पोराला लिहायचा कंटाळा आहे, तो पहिल्यापासून होताच. निदान तेवढे तरी खरे बोलणे होईल.

पत्राऐवजी फोटो पाठवतो. सोबतच्या पाकिटात आहेत. एकात दादा आणि इतर मंडळी विमान ढकलत आहेत, तो डाव्या पंखाखाली, तोंड उघडे आहे कारण तो शिव्या देतो आहे. एकात जेवताना आहे. एकात विमानाच्या चाकावर टेकून हसतो आहे, तो सगळ्यात चांगला आला आहे, लंकावहिनीला तो द्यावा. एक सगळ्या डेकचा दुरून काढलेला आहे, त्यात माणसे ओळखू येत नाहीत. आणि शेवटचा माझा. त्यात दादा नाही, पण मी उभा आहे ती त्याची रोजची जागा. तिथून तो खुणा करायचा. ती जागा इतकी स्पष्ट दुसऱ्या कुठल्या फोटोत आली नाही, म्हणून पाठवतो. आत्याबाईंनी विचारले तर दाखवायला होईल.

शिंपल्यांचा डबा पार्सलने वेगळा पाठवला आहे. तो दादाने घेतला होता हे सांगण्यात खोटे काही नाही. शिट्टी आणि फीत माझ्याकडेच ठेवतो, ती मी स्वतः आणीन.

कान दुखला असेल तर क्षमा असावी, आणि जिव्हाळा कमी करू नये.

आपला
श्रीमंत

• • •

भिंगार,
ता. २ मार्च १९७२

चि. श्रीमंत यास अनेक आशीर्वाद.

तू यांना लिहिलेले पत्र यांनी मला दाखवले नाही, मी यांच्या सदऱ्याच्या खिशातून काढून वाचले. बरे केलेस. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले की पोरगा बरोबर बोलतो.

आता झाले ते सांगते, आणि तुला रागेही भरते.

चष्मा रविवारी आला. काच इतकी जाड की त्यातून आत्याबाईंचा डोळा केवढा मोठा दिसतो. खिडकीवरचा काळा कागद काढला. पहिल्यांदा त्यांनी मला पाहिले आणि म्हणाल्या की केशर, तू केवढी काळी पडलीस. मी म्हटले, तुम्हाला नीट दिसायला लागले याचाच पुरावा झाला. हसल्या. मग लंकाला पाहिले. तिला सकाळी मीच माझ्या करंड्यातले कुंकू लावले होते. लावताना तिने डोळे मिटून घेतले होते, ते जरा तिरके लागले. आत्याबाईंनी तिला पुष्कळ वेळ न्याहाळले. म्हणाल्या की पोरगी वाळली, तिला नवऱ्याची काळजी लागली आहे. नंतर तिच्या हाताने डबा उघडवला, शिंपले एकेक करून पाहिले. मच्छिंद्राला बायकोसाठी वस्तू घ्यायची अक्कल आली म्हणून चिडवत होत्या, आणि लंका हसत होती. हसत होती म्हणजे तोंड तसे करत होती.

मग फोटो. खिडकीशी धरून त्यांनी एकेक पाहिला. भाऊजी चाकावर टेकून हसतात त्यावरून बोट फिरवले. विमान ढकलतानाच्यात त्यांचे तोंड उघडे का म्हणून विचारले, मी सांगितले की गाणे म्हणतात. माझे सगळे लक्ष लंकाकडे होते, ती कोणत्याही क्षणी कोसळेल असे वाटत होते. म्हणून शेवटचा तुझा फोटो मी न पाहताच त्यांच्या हातात दिला आणि सांगू लागले की ही भाऊजींची कामाची जागा. त्या बराच वेळ पाहत होत्या. मग विचारले, "सुप्याला अण्णा बरं हायेत का?" मी म्हटले, परवाच तर एस.टी.ने येऊन शेंगा देऊन गेले, चांगले ठणठणीत आहेत. "आन आई?" तीही बरी आहे म्हणून मी सांगितले. त्या बरं म्हणाल्या आणि फोटो खाली ठेवला.

तेव्हा मी तो पाहिला. अरे, पाकिटात घालताना एकदा आपले तोंड तरी पाहायचे होतेस. बोडका, डोके तासलेले, ओठ सफाचट. दाढीमिशा वाढवून जहाजावर बुवा झाला होतास, गणपतीत काढलेल्या फोटोत आत्याबाईंनी तुला तशाच रूपात याच डोळ्याने, अंधुक का होईना, पाहिले होते, आणि हा असा. आईबाप जिवंत असताना आपल्याकडे कोण डोके उतरवतो? तू जागा पाहिलीस, स्वतःला पाहिलेच नाहीस. आणि मी अडाणी, अण्णा ठणठणीत म्हणून वर सांगून बसले.

तू हे केलेस ते आम्हाला कळवलेही नव्हतेस. यांना फोटो दाखवला तर हे उंबऱ्यावर बसले. म्हणाले की जे मी करायचे ते पोराने केले. डोळे पुसले आणि डेपोला गेले.

आत्याबाईंना कळले की नाही ते मला सांगता येत नाही. त्या काही विचारत नाहीत. पत्र का आले नाही हे विचारणेही थांबले आहे. उलट पथ्य आधीपेक्षा कडक पाळतात. थेंब घालायची वेळ त्या स्वतः सांगतात, चुलीच्या धुराकडे फिरकत नाहीत, तिखट समोर आले तर ताट सरकवतात. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडतात. मी डोकावले तर पदर तोंडाशी असतो. शेवटची तपासणी या महिन्यात आहे. हे म्हणतात तोवर थांबू. मला वाटते आता आम्हीच एक खोटे बोलत आहोत आणि त्या ते चालू देत आहेत. भाकरी थापताना मधेच थांबते आणि काय करत होते ते आठवत नाही.

तुझ्यावर रागावले तरी तू माझाच.

ताई

• • •

मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई
ता. १४ मार्च १९७२

ती. सौ. ताईस नमस्कार.

तुझे पत्र वाचून मी तो फोटो पुन्हा पाहिला. इथे सगळ्यांनी मला तसे रोज पाहिले, कुणाला काही वाटले नाही. एका पंजाबी मित्राने उवा झाल्या का म्हणून विचारले होते तेवढेच. त्यामुळे माझ्याही लक्षात राहिले नाही की आपल्याकडे त्याचा अर्थ एकच होतो. मी दादाच्या मागे धाकटा म्हणून ते केले, कुणाला सांगायचे असे त्यात काही नव्हते. तुम्ही सगळ्यांनी इतके दिवस जे सांभाळले ते माझ्या हातून फुटले असेल आणि डोळ्याला काही झाले तर मी घरी तोंड दाखवणार नाही.

रजेचा अर्ज दिला आहे. तपासणी झाल्याबरोबर लिही. एवढे एकच मागणे आहे.

श्रीमंत

• • •

भिंगार,
ता. २५ मार्च १९७२

चि. श्रीमंत यास.

पत्र आत्याबाई सांगतात आणि मी लिहिते. त्या बोलतात तसेच उतरवायचे, शहाणपणा करून सुधारायचे नाही, अशी ताकीद आहे.

श्रीमंता, तुला राहीबाईचा आशीर्वाद हाय.

परवा डागदरानं डोळा तपासला. लई चांगला झाला म्हनला, पथ्य सपलं. मी इचारलं, आता रडलं तर चालतंय का? त्यो हसला. म्हनला, आजी, आता कायबी करा. केशर मागंच हुती. तुझा दाजी, माझा छगन, बाहीर निघून गेला.

घरी आल्याव मी लंकाला जवळ घेतलं आन म्हनलं, चल पोरी, आता आपन दोघी रडू. मग जी रडली ती रडली. मीबी रडले. केशरबी रडली. गल्लीतल्या बाया आल्या, बनुबाई आली, त्यांनाबी तीन महिन्याचं रडायचं हुतं. छगननं डोकं उतरवलं.

तुझा फोटू बघितला तवाच मला कळलं. तुझा बाप जिता, आई जिती, मग तू डोकं कुनासाठी उतरवलंस? जहाजाव तुझं दुसरं कोन हाय? केशरला इचारून बघितलं, तिनं शेंगाचं सांगितलं. मी गप बसले. तवा रडले असते तर डोळा गेला असता, आन ह्यांनी मला जपायला जे सोसलं त्ये समदं मातीत गेलं असतं. आन मच्छिंद्रानं सांगून ठिवलेलं, आई, डोळ्याची हयगय करू नको. त्याचं येवढंच पाळायचं ऱ्हायलं हुतं माझ्याकडनं. म्हून पदर तोंडात कोंबून पडून ऱ्हायचे. तुझी चूक न्हाई. तू डोकं उतरवलंस त्ये बरं केलंस, त्याच्या मागं कुनी तरी हुतं.

काल एक म्हातारी लंकाला म्हनली, आता बांगड्या उतरव. मी तिला म्हनलं, पोरीनं इतके दिस माझ्या कानासाठी बांगड्या घातल्या, आता तिच्या मनाला वाटंल त्ये ती करंल. घालू दे न्हाईतर काढू दे, कुनी तिचा हात धरायचा न्हाई. मी हाय तवर तरी न्हाई. ह्ये लिहिताना केशर थांबली हुती, मी म्हनलं लिही.

केशरनं तुझं जानेवारीचं पत्र वाचून दाखवलं. भंडारा लावलास, साखर घातलीस, समदं ऐकलं. आता तुझ्याकडं एक मागते. तू पाठवलेलं फोटू मी रोज बघते. त्यो काम करतुया, जेवतुया, हसतुया. जहाजाव फोटू काढनारा लढाईभर हिंडत हुता म्हनतोस. मग मच्छिंद्राला पान्यात सोडलं तवाबी त्यानं फोटू काढला आसंल. त्यो तू ठिवून घेतलास. आमाला तरास नको म्हून ठिवला आसशील. पर तुमी जहाजावल्या समद्यांनी त्याला जाताना पायलं, भटजीनं न्हाई, छगननं न्हाई, आन मी त्याची आई, मी न्हाई पायलं. त्यो फोटू मला पाठव. डोळा आता पक्का हाय.

रजा मिळाली की ये. माया हाय तुझ्याव, ती आता दोन पोरांची एका ठिकानी झाली.

राहीबाई
(अंगठा)

ता. क. त्या फोटोच्या दोन प्रती मिळत असतील तर दोन पाठवाव्यात.
— लंका